सॅक भरणारे हात कोणाचे?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून पुढील महिन्यात तो पंचवीस-तीस मुलांबरोबर तीन रात्रींच्या तंबूतील शिबिराला जाणार आहे. मागील वर्षी त्याची सॅक मी स्वतः अतिशय काळजीपूर्वक भरली होती. तरीही तो परतला तेव्हा स्वच्छ कपड्यांच्या घड्या जशाच्या तशा होत्या, एकच दमट टी-शर्ट त्याने तिन्ही दिवस घातला होता, टॉर्च त्याला शेवटपर्यंत सापडली नव्हती आणि टॉवेल भलत्याच कोणाचा आला होता. या वेळी असे होऊ नये म्हणून काय करावे? एखादी परिपूर्ण यादी द्याल का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘सॅक मी स्वतः भरली होती’ या वाक्यातच बहुतेक उत्तर आहे. वस्तू घरी राहिल्यामुळे शिबिरात खोळंबा झालेला मी फार क्वचित पाहिला आहे. परंतु वस्तू सॅकमध्ये असूनही ती आहे हेच मुलाला ठाऊक नसणे, किंवा ठाऊक असूनही ती अंधारात हाताला न लागणे, हे मात्र शिबिराच्या पहिल्या रात्री हमखास दिसते. म्हणून सॅक मुलाने भरावी आणि पालकांनी शेजारी बसून केवळ विचारावे. त्याची घडी वेडीवाकडी झाली तरी ती उलगडून पुन्हा घालण्याचा मोह आवरावा. हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे अवघड, याची मला कल्पना आहे.

यादी मी मुद्दामच देत नाही, कारण जागा, हवामान आणि कार्यक्रम आयोजकांना माहीत असतात, तेव्हा त्यांनी पाठवलेली यादी हीच खरी. मुलाने ती स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यावी, सर्व सामान जमिनीवर मांडावे आणि वस्तू कपाटातून काढली की नव्हे, तर ती सॅकमध्ये गेली की मगच तिच्यापुढे खूण करावी. ‘काढून ठेवले होते, पण पलंगावरच राहिले’ हा प्रकार त्यामुळे टळतो. हाच कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे परतीच्या सकाळी तोच उपयोगी पडतो.

त्याने तीन दिवस एकच टी-शर्ट का घातला, याचाही विचार करायला हवा. तो आळस असेलच असे नाही. चार-पाच मुलांच्या अरुंद तंबूत स्वच्छ कपडे काढायचे म्हणजे सगळी सॅक उपसायची, आणि त्यापेक्षा दमट कपड्यांत राहणे मुलाला सोपे वाटते. यावर एका दिवसाचे सर्व कपडे, म्हणजे आतले कपडे, मोजे, शर्ट आणि पँट, एका पिशवीत असे दिवसागणिक गठ्ठे करणे हा उपाय चांगला चालतो. सकाळी एक पिशवी काढायची आणि रात्री मळलेले कपडे तिच्यातच भरायचे. झोपण्याचे कपडे मात्र वेगळे असावेत आणि ते दिवसा कधीही घालू नयेत, कारण दिवसभराच्या घामाने ओलसर झालेले कपडे रात्री अंगातील ऊब खेचून घेतात. हवा थंड असणार असेल, तर सुती कपड्यांवर भिस्त ठेवू नये. सूत पाणी धरून ठेवते आणि सावकाश वाळते. लोकर किंवा पॉलिस्टरचे गरम कपडे ओले झाल्यावरही बरीच ऊब टिकवतात.

भरण्याचा क्रम उलटा असतो. जे सर्वांत शेवटी लागणार, म्हणजे स्लीपिंग बॅग, ते तळाशी जाते; जड वस्तू मध्यावर आणि पाठीला लागून ठेवाव्यात, म्हणजे सॅक मागे ओढत नाही; रेनकोट आणि टॉर्च सर्वांत वर असावेत. सॅकवर चढवायचे पावसाळी कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही आणि पाणी नेमके तेथूनच आत उतरते, म्हणून सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालून सर्व सामान तिच्यात भरणे अधिक खात्रीचे असते. टॉर्च डोक्याला बांधण्याची असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. तिचे बटण प्रवासात आपोआप दाबले जाऊ नये, यासाठी एक सेल उलटा बसवून ठेवावा आणि तो सुलटा करण्याची कृती मुलाकडून दोनदा करून घ्यावी.

जमिनीवर अंथरण्याची मॅट अनेक पालक अनावश्यक समजून वगळतात. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यात कोंडलेल्या हवेमुळे मिळते, आणि अंगाखालचा भाग वजनाने दबला की तेथे हवा उरत नाही. गारवा खालून चढतो, तो मॅटच अडवते. तीच स्लीपिंग बॅग परत तिच्या पिशवीत कोंबणे दहा वर्षांच्या हातांना जड जाते. ती गुंडाळण्याची गरज नसते. पायाकडच्या टोकापासून मुठीने दाबत भरली की बसते. घरी तीन वेळा सराव झाला, तर शेवटच्या सकाळी त्याच्यासाठी सर्वांना थांबावे लागणार नाही.

शिबिराच्या जागेपर्यंत चालत जायचे असेल, तर भरलेली सॅक वजनकाट्यावर ठेवून पाहावी. मुलाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांपर्यंतचे ओझे बेताचे असते. 30 किलो वजनाच्या मुलासाठी ते 3 ते 4.5 किलो होते. बूट नवे कोरे नसावेत, किमान दोन आठवडे वापरलेले असावेत. घर्षण आणि ओलावा एकत्र आले की पायाला फोड येतात, त्यामुळे शर्ट एक कमी चालेल, मोज्यांचे जोड दोन जास्त असू द्यावेत. नाव प्रत्येक वस्तूवर हवे, दोन्ही बुटांवर आणि टॉवेलवरसुद्धा. मात्र ते आतल्या बाजूस लिहावे, कारण अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारावी अशी सोय आपण करू नये.

निघण्याच्या दोन दिवस आधी खोलीतील दिवे मालवून त्याला सॅकमधून रेनकोट, कोरडे मोजे आणि दात घासण्याचा ब्रश काढून दाखवायला सांगावे. जे सापडणार नाही, त्याची जागा त्यानेच बदलावी. मुले हा खेळ आनंदाने खेळतात.

औषधे मात्र मुलावर सोपवू नयेत. ती मूळ वेष्टनात, मात्रा आणि वेळ लिहिलेल्या चिठ्ठीसह प्रमुखांच्या हाती द्यावीत. दम्याचा तातडीचा इनहेलर याला अपवाद आहे; तो मुलाच्या अगदी जवळ हवा आणि तो कोठे आहे हे प्रमुखांनाही ठाऊक हवे.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी अजूनही कधीकधी अंथरूण ओले करते. तिला शिबिराला जायचे आहे, पण इतर मुली हसतील या भीतीने ती रडते. तिला पाठवावे का?

उत्तर : अवश्य पाठवावे. वयाच्या सातव्या वर्षीही सुमारे 5 ते 10 टक्के मुलांना हा त्रास असतो, त्यामुळे मोठ्या गटात ती एकटी असण्याची शक्यता कमी आहे, हे तिलाही सांगावे. प्रमुखांपैकी एका बाईंना आधीच विश्वासात घ्यावे आणि तसे केल्याचे मुलीपासून लपवू नये. रात्री घालायची शोषक चड्डी स्लीपिंग बॅगच्या आत, पायाशी ठेवून द्यावी. पांघरुणात शिरल्यावर ती कोणाच्याही नकळत घालता येते आणि सकाळी तशीच काढून अपारदर्शक पिशवीत बंद करता येते. रात्रीच्या कपड्यांचा एक जादा जोड आणि स्लीपिंग बॅगच्या आत घालायचे धुता येण्याजोगे अस्तर बरोबर द्यावे. झोपण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाण्याची आठवण त्या बाईंनी सर्वच मुलींना करावी, अशी विनंती करावी. हा सर्व क्रम घरी दोन रात्री करून पाहिला, की भीती बरीच ओसरते. दिवसभर पाणी पिणे मात्र तोडू नये.

प्रश्न : आयोजकांनी मोबाईल आणू नये असे कळवले आहे. मी तो मुलाच्या मोज्यांत लपवून दिला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ज्या यादीवर आपण त्याला काटेकोरपणे खुणा करायला लावतो, तीच आपण मोडल्याचे त्याला दिसते. शिवाय रात्री अकरा वाजता रडत केलेला फोन घेऊन आपण दुरून काहीच करू शकत नाही, तर शेजारच्या तंबूतील प्रमुख दोन मिनिटांत त्याच्याजवळ पोहोचू शकतात. घरचे दोन फोन क्रमांक कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालावा, यादीशेजारी वरच्या कप्प्यात ठेवावा आणि प्रमुखांचा क्रमांक आपल्याकडे लिहून घ्यावा.