किडनीच्या आजारात लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) २६ आहे, हिमोग्लोबिन ८.४ आहे आणि चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही आकडा जागचा हलत नाही. ते गोळ्या चुकवत असावेत किंवा नीट जेवत नसावेत, असा तुम्हाला संशय आहे. डॉक्टर आता दर आठवड्याचं इंजेक्शन म्हणतायत आणि तुम्ही विचारताय, की त्यापेक्षा एकदाच रक्त चढवलं तर काय बिघडलं?

आधी त्या संशयाबद्दल बोलते. वडील एकही गोळी न चुकवता, ताटातलं सगळं संपवूनही ८.४ वर अडकलेले असू शकतात. मी डॉक्टर नाही. आईच्या किडनीच्या आजाराची सात वर्षं मी तिच्याबरोबर काढली आहेत आणि पहिले सहा महिने मीही हीच चूक केली. तिचं हिमोग्लोबिन ७.९ होतं आणि मी रोज गोळ्यांची पट्टी मोजायचे. जिना चढताना ती मध्येच थांबून पदराने चष्मा पुसायची. मला वाटायचं, काच खराब झाली असेल. तिला धाप लागायची आणि ते मला कळू नये म्हणून ती चष्मा पुसायची, हे फार उशिरा लक्षात आलं. गोळ्यांचा हिशेब तिने कधीच चुकवला नव्हता.

मग रक्त का वाढत नव्हतं? किडनी फक्त लघवी तयार करते असं आपण समजतो. पण रक्तात प्राणवायू किती आहे याचा अंदाज घेऊन एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही तीच सोडते. बोलताना सगळे त्याला इपीओ म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरातलं बहुतेक इपीओ किडनीतच तयार होतं, थोडंसं यकृतात. हाडांच्या मगजाला ‘तांबड्या पेशी बनव’ हा निरोप इपीओकडून जातो. किडनी खराब होत गेली की तो निरोपच कमी जातो. भरीला तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते, ती या आजारात त्याआधीच मरते. म्हणजे नवा माल कमी आणि जुना लवकर संपणारा. नुसत्या लोहाने हे भरून येत नाही, कारण लोह हा कच्चा माल आहे, हुकूम नाही.

डॉक्टर म्हणतायत ते इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेलं हेच इपीओ. ते हाती लागायला किती खटाटोप करावा लागला, ते वाचल्यापासून मला त्या छोट्याशा सिरिंजबद्दल वेगळाच आदर वाटतो. जपानमधल्या ताकाजी मियाके यांनी हाडांचा मगज निकामी झालेल्या रुग्णांची लघवी साठवली, तब्बल २,५५० लिटर. त्यातून शिकागोच्या युजीन गोल्डवासर यांच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शुद्ध इपीओ वेगळं झालं, तेही मोजून काही मिलिग्रॅम. पुढे त्याचं जनुक सापडलं, कारखान्यात ते बनवता येऊ लागलं आणि १९८९ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी डायलिसिसवरची माणसं पुन्हा पुन्हा रक्त चढवून घेत दिवस काढायची.

आता लोहाकडे येते, कारण आमची गाडी तिथेच अडली होती. शरीरात लोह असणं आणि ते मगजापर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यकृत हेप्सिडिन नावाचं प्रथिन बनवतं. ते वाढलं की आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट बंद होते आणि साठवलेलं लोहही कोठारात कुलूपबंद राहतं. किडनीच्या आजारात हेप्सिडिन वाढलेलंच असतं. एक तर किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, आणि शरीरात कुठे सूज (पायांवर पाणी साठून येते ती नव्हे, आतला दाह) किंवा संसर्ग असेल तर यकृत ते आणखी बनवतं. त्यामुळे तोंडाने घेतलेली गोळी बऱ्याचदा आली तशी निघून जाते.

आईचं फेरिटिन २८६ आलं होतं. कागदावर ‘नॉर्मल’ छापलेलं होतं, त्यामुळे लोह भरपूर आहे असं समजून सगळे पुढे गेले. पण फेरिटिन कोठारातला साठा सांगतं, आणि शरीरात सूज असली तर ते खोटं फुगतंही. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांत माल किती आहे, हे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सांगतं. लॅबवाले आणि डॉक्टर त्याला टी-सॅट म्हणतात. तो आकडा सहा महिन्यांत कोणी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, तपासायला सांगितला तेव्हा तो ११ टक्के निघाला. २० च्या खाली गेला की मगजाला लोहाची चणचण आहे असं साधारण धरतात. तिला सलाइनमधून आयर्न सुक्रोज दिलं, दर वेळी २०० मिलिग्रॅम, असे पाच वेळा. दीड महिन्यात हिमोग्लोबिन ९.१ झालं, तेही इपीओचं एकही इंजेक्शन न घेता.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच आहे. वडिलांच्या रिपोर्टमध्ये फेरिटिनच्या शेजारी टी-सॅट आहे का ते आजच पाहा. नसेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधी ती तपासणी मागून घ्या. लोह नसताना इपीओ देणं म्हणजे विटा नसताना गवंड्यांना घाई करणं. दुसरं, किडनीचा आजार आहे म्हणून सगळा दोष किडनीच्याच माथी मारू नका. बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड पाहायला सांगा. लोह खरोखरच कमी निघालं तर पोटातून कुठे नकळत रक्त जातंय का, याचाही शोध घ्यायला हवा, विशेषतः ते अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर. इथे एक घोटाळा होतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं. त्यामुळे ‘गोळ्यांमुळेच असेल’ म्हणून खरा रक्तस्राव दुर्लक्षित राहू शकतो. डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं शौच दिसलं तर वाट पाहू नका.

गोळ्या चालूच ठेवायच्या ठरल्या तर त्या कॅल्शियमच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधांबरोबर घेऊ नका. किडनीच्या रुग्णांना फॉस्फरस कमी करायला कॅल्शियम बऱ्याचदा दिलेलं असतं आणि दोन्ही एकदम घेतली तर लोह शोषलं जात नाही. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

इंजेक्शनची भीती मात्र मनातून काढा. आईला ते पोटाच्या कातडीखाली देतात आणि सुई अगदी बारीक असते. मी दोनदा नर्सकडून शिकून घेतलं आणि मग घरीच द्यायला लागले. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण फ्रीझरच्या जवळ नाही, कारण गोठलं की वाया गेलं. हलवायचं नाही. देण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवलं तर कमी झोंबतं. प्रत्येक वेळी जागा बदलायची. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आकडा हलला नाही तर घाबरू नका.

खरी काळजी रक्तदाबाची घ्यायची. या औषधाने तो वाढू शकतो. मी एका वहीत तारीख, डोस, सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टी-सॅट असे रकाने पाडले होते. ती वही पाहूनच डॉक्टरांनी दोनदा डोस कमी केला.

आणि हिमोग्लोबिन तरुण, धडधाकट माणसाइतकं व्हावं असा हट्ट धरू नका. हे मलाही पचायला जड गेलं. जास्त रक्त म्हणजे जास्त चांगलं असंच वाटतं ना? पण २००६ मधल्या एका मोठ्या अभ्यासात १३.५ चं लक्ष्य ठेवलेल्या रुग्णांना ११.३ वाल्यांपेक्षा हृदयाचे त्रास आणि मृत्यू जास्त झाले. २००९ मध्ये मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या सुमारे चार हजार रुग्णांत १३ चं लक्ष्य ठेवलं, तर पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. तेव्हापासून बहुतेक डॉक्टर या इंजेक्शनने ११.५ च्या वर नेत नाहीत, आणि चार आठवड्यांत २ पेक्षा जास्त वाढ झाली तर डोस आवरतात. वडिलांना कर्करोग किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यात हे औषध फार जपून देतात.

डोस वाढवूनही आकडा हलेना तर कुठेतरी संसर्ग लपलाय का, हे पाहायला हवं. आईचं १०.२ वरून ८.८ वर घसरलं तेव्हा आम्ही सगळीकडे शोधलं. शेवटी दाढेच्या मुळाशी पू सापडला. दुखत नव्हतं, म्हणून ती काही बोललीच नव्हती. दाढ काढली आणि त्याच डोसवर अडीच महिन्यांत ती १०.४ ला आली. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक वाढलेलं असणं, डायलिसिस पुरेसं न होणं अशीही कारणं असतात.

आता अलीकडे यासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आल्या आहेत. प्राणवायू कमी पडल्याचा भास शरीरात निर्माण करून त्या स्वतःचंच इपीओ वाढवतात. पेशींना प्राणवायूची कमतरता कळते कशी, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं, त्याच कामातून त्या निघाल्या. तुमच्या वडिलांना चालतील का, हे त्यांचं हृदय आणि रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास पाहून डॉक्टरच सांगतील.

राहिला रक्त चढवण्याचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: जीव वाचवायला लागलं तर एक क्षणही थांबू नका, पण नुसता आकडा वर न्यायला नको. छातीत दुखतंय, बसल्या जागी धाप लागतेय, रक्तस्राव होतोय, तर रक्त हवंच. नाहीतर त्यातून शरीरात पाणी वाढतं, पोटॅशियम वाढू शकतं, आणि परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. या शेवटच्या गोष्टीची झळ आम्हाला बसली. सुरुवातीला एका रुग्णालयात आईला दोन पिशव्या रक्त घाईने चढवलं. पुढे प्रत्यारोपण करू का, असं कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. चार वर्षांनी धाकटा भाऊ किडनी द्यायला तयार झाला, रक्तगट जुळला, पण क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे आईच्या रक्तात भावाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी निघाल्या. बाळंतपणातूनही अशा अँटिबॉडी बनतात, त्यामुळे दोष त्या दोन पिशव्यांचाच, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आई आज डायलिसिसवर आहे आणि भावाची किडनी तिला मिळू शकली नाही.

त्यामुळे पुढच्या भेटीत इंजेक्शन की रक्त हे विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा, की वडिलांचं पुढे प्रत्यारोपण होऊ शकतं का. उत्तर ‘हो’ किंवा ‘कदाचित’ असेल तर रक्त चढवायचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्या. आणि आज संध्याकाळी गोळ्यांची पट्टी मोजू नका. जिना चढताना ते कुठे थांबतात, तेवढं पाहा आणि डॉक्टरांना सांगा.