पहिली एमटीबी रेस : सायकल नवी घेऊ का?

प्रश्न : दादा नमस्कार, मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो, वय 27. रोज सकाळी रंकाळ्याला फेऱ्या आणि रविवारी पन्हाळा असं सायकलिंग चालू असतं. आता ग्रुपमधली पोरं म्हणायलीत क्रॉस-कंट्री एमटीबी, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या माउंटन बाइक रेसला नाव घाल, पाच किलोमीटरचा लूप आहे आणि ओपन गटाला चार राउंड. माझ्याकडं साधी हार्डटेल आहे, म्हणजे मागं सस्पेन्शन नाही, पुढं धक्के झेलणारा 100 एमएमचा फोर्क, डिस्क ब्रेक. सगळे म्हणतात पुढं-मागं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेली फुल सस्पेन्शन घे नाहीतर टिकणार नाहीस. दीड लाख घालू का? आणि पन्हाळा न थांबता चढतो म्हणजे दम पुरेल ना?
- एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : भावा, दीड लाख अजिबात घालू नकोस. आहे ती सायकल पहिल्या रेसला भरपूर झाली, फक्त टायर बघ, त्यावरची रबराची बटणं झिजली असतील तर आधी ते बदल.

दमाचं विचारतोस तर पन्हाळा चढणं वेगळं आणि ही रेस वेगळी. घाटात एकदा लय सापडली की माणूस त्याच लयीत वर पोचतो, इथं अर्ध्या मिनिटाचा खडा चढ, लगेच वळण, मग दगड, मग उतार आणि खाली आलास की परत चढ, श्वास खाली बसतच नाही. त्यामुळं आठवड्यातनं दोनदा एखादा छोटा कच्चा चढ धर, जोर लावून वर जा, सावकाश खाली ये, परत वर. कात्यायनीच्या बाजूला किंवा जोतिबाकडं असे चढ पाहिजे तेवढे मिळतील. मसाई पठारावर गेलास तर पावसानंतर तिथं फुलं असतात, वाट सोडून चाक घालू नको, एवढं माझं ऐकच.

आता हवा. ह्याकडं कोणी लक्ष देत नाही आणि अर्धी रेस इथंच जाते. पंक्चरवाला अंगठ्यानं दाबून टायर दगडासारखा कडक करून देतो, डांबरावर ते चालतं, पण आपल्याकडच्या जांभ्यावर बारीक खडी मोकळी पडलेली असते आणि कडक टायर वळणावर सरळ घसरतो. हवेचा दाब दाखवणारं गेज असलेला पंप घे, 30 पीएसआय (दाबाचं माप) ला एक ओळखीचं वळण मार, मग दोन कमी करून तेच वळण परत मार, फरक हाताला कळतो. दगडावर रिम टक्कन आपटली की समज खाली गेलास, दोन वाढव. ट्यूब असेल तर फार उतरायचं नाही, ट्यूब रिम आणि दगडात चिमटते, पाण्यात बुडवल्यावर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर कारण हेच. खर्च करायचाच असेल तर टायर ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचे, करून घे, मग तुझं वजन साठ-पासष्टच्या आसपास असेल तर 22 ते 25 वर आरामात चालवशील.

आदल्या दिवशी लूप चालत बघ, खरंच चालत. जिथं उतार अवघड वाटतो तिथं थांब, दुसरे कुठून चाक घालतात ते बघ, सोपी लांबची वाट ठेवली असेल तर तीच धर, दोन-चार सेकंद जातील पण पडलास तर मिनिटं जातात. टोकियो ऑलिंपिकला मॅथ्यू व्हॅन डर पोलसारखा नावाजलेला सायकलपटू एका दगडावरनं खाली आपटला, सरावाला तिथं फळी होती, रेसला काढलेली, आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं. म्हणून रेसच्या सकाळी पण एक नजर टाकायचीच.

स्टार्टला सगळे एकदम सुटतात, कारण पुढं वाट अरुंद होते आणि मागं राहिला तो अडकतो. तू मधल्या घोळक्यात राहा. पहिल्या राउंडला बोलता येत नाही इतका धापा टाकायला लागलास तर तिसऱ्या राउंडला पाय संपतात, आणि ओव्हरटेक करायला जागा नंतर मिळतेच, पुढच्याला 'उजवीकडनं येतोय' असं ओरडून सांगायचं. तुझ्यापेक्षा एक राउंड पुढं असलेला लीडर मागनं आला तर त्याला वाट द्यायची. चढ जमला नाही तर उतरून सायकल धरून पळ, नियमात बसतं, लाज कसली त्यात.

सकाळी मिसळ नको रे, मनापासून सांगतो. दोन-तीन तास आधी पोहे किंवा चपाती आणि एक केळं, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, तेवढ्यावर दीड तास निघतो.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, तिला मुलींच्या गटात उतरायचंय. घरचे नको म्हणतात, पडेल म्हणून. काय करू?
- एक आई, कागल

उत्तर : ताई, उतरू द्या तिला. पडेल पण, म्हणून हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारं आणि हातात ग्लोव्ह्ज पाहिजेतच. अवघड उतारावर सायकल हातात धरून खाली यायची मुभा तिला आधीच देऊन ठेवा. आणि एक गोष्ट आज संध्याकाळीच बघा, लहान हाताला ब्रेकचं लिव्हर लांब पडतं, मग पोरगी हँडल सोडून चार बोटांनी ब्रेक ओढते आणि तोल जातो. बहुतेक लिव्हरला छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतं. हँडल धरलेलं असताना एक बोट लिव्हरवर आरामात पोचलं पाहिजे, नाही पोचलं तर दुकानात नेऊन ते करून घ्या आणि मगच नाव घाला.