स्मार्ट टी-शर्ट घ्यावा का?

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची आहे, ३००० मीटर पळते. सर म्हणतात सेन्सरवाला स्मार्ट टी-शर्ट घ्या, हार्ट रेट नीट कळतो. हातात घड्याळ आहेच की! आणि एप्रिलच्या उन्हात तिला काही झालं तर तो टी-शर्ट आधी सांगेल का? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, सर चुकीचं नाही सांगत. घड्याळ हिरवा लाइट मारून कातडीखालचं रक्त बघतं, पळताना हात हलतो, पट्टा सैल असतो, मग आकडा भरकटतो, कधी तर पावलांचा तालच ठोके म्हणून दाखवतं. टी-शर्टात छातीपाशी चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याच्या पट्ट्या असतात, त्या हृदयाचे विजेचे सिग्नल थेट पकडतात. फक्त तो अंगाला घट्ट बसायला हवा आणि घालताना पट्टी आतून जरा ओली करायची, कोरडी असली की सुरुवातीला काहीच्या काही आकडे येतात. पण हेच काम छातीचा साधा पट्टा कमी पैशात करतो, आणि पोरगी वाढत्या वयाची, टी-शर्ट तोकडा व्हायला कितीसा वेळ! आपल्या कविता राऊतने २०१० च्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरचं ब्राँझ आणलं ते काय टी-शर्टच्या जोरावर?

उन्हाचं म्हणाल तर त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. कपड्यातला सेन्सर कातडीचं तापमान घेतो, उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि घामाने कातडी थंडही लागू शकते. पोरगी झोकांड्या खायला लागली, काहीबाही बोलायला लागली की आकडा बघत बसायचं नाही, सावलीत न्यायचं, अंगभर गार पाणी ओतत राहायचं, तोवर कुणीतरी १०८ ला फोन लावायचा.

पळताना चक्कर, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, किंवा घरात कुणी कमी वयात अचानक गेलेलं, यातलं काही असेल तर टी-शर्टचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, ते ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघतील. २०२१ च्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन मैदानात कोसळला, तो सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबत राहणं) आणि शॉक मशीनमुळे वाचला, तेव्हा ग्राउंडवर सीपीआर कुणाला येतो ते सरांना नक्की विचारा.

एवढं करून टी-शर्ट घेतलाच, तर धुताना सेन्सरची डबी काढा, हाताने धुवा, ब्लीच नको, फॅब्रिक कंडिशनर नको, सावलीत वाळवा.