वाचकांचे प्रश्न : 'शेटलंड'मधला पेरेझ आणि नावांतून हरवलेलं अक्षर

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दोघं रोज रात्री जेवणं झाली की 'शेटलंड' ही पोलिसी मालिका बघतो, आता तर सवयच लागलीय. एकच कोडं सुटत नाहीये, एवढ्या उत्तरेला राहणाऱ्या स्कॉटिश पोलिसाचं आडनाव पेरेझ कसं काय? आणि तो नट मध्येच का गेला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, हे आडनाव लेखिकेने मुद्दाम ठेवलंय. मालिका ॲन क्लीव्ह्ज यांच्या कादंबऱ्यांवरची आहे, बीबीसीवर २०१३ मध्ये सुरू झाली, आणि कादंबरीतला जिमी पेरेझ हा फेअर आयल नावाच्या छोट्याशा बेटावरचा. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज खरोखरच त्या बेटावर फुटलं होतं आणि त्यावरची माणसं तिथे अडकून पडली होती, त्या इतिहासाचा धागा पकडून हे आडनाव आलंय. पुस्तकातला पेरेझ म्हणूनच काळ्या केसांचा आहे. मालिकेत पेरेझ झालेला डग्लस हेन्शॉल गोरा, भुऱ्या केसांचा, तरी त्याने तो माणूस असा काही उभा केला की पुस्तक नंतर वाचलं तरी डोळ्यासमोर तोच येतो (माझं तरी तसंच झालं). २०१६ मध्ये त्याला यासाठी स्कॉटलंडचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. सातव्या सीझननंतर, २०२२ मध्ये, पेरेझची गोष्ट पूर्ण होत आली असं वाटून तो स्वतःहून थांबला, आणि २०२३ पासून ॲशली जेन्सन नवी पोलीस अधिकारी रूथ कॅल्डर म्हणून आली. तिला थोडा वेळ द्या, पहिल्या दोन भागांत पेरेझ आठवत राहतो पण त्याची जुनी सहकारी टॉश आहे ना सोबत.

मालिकेत सँडी या पोलिसाचं काम करणारा स्टीव्हन रॉबर्टसन मात्र नीट ऐका. तो मूळचा शेटलंड बेटांवरचाच आहे. 'छोटं'ला तिकडे 'पीरी' म्हणतात, अशा बोलीचा कान तयार करायचा तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

प्रश्न : ताई, मुलगा ग्लासगोला शिकायला गेलाय. तो राहतो त्या गावाचं नाव मी कागदावर बघून 'मिल्नगावी' वाचलं तर म्हणाला आई असं नाही म्हणत. मग हे लोक लिहितात तसं बोलत का नाहीत?
– एक आई, नाशिक

उत्तर : त्या गावाला 'मल्गाय' म्हणतात, जोर 'गाय'वर. स्पेलिंग एम-आय-एल-एन-जी-ए-व्ही-आय-ई, त्यामुळे तुम्ही वाचलंत त्यात तुमची काहीच चूक नाही. माझी भाची तिकडेच असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा क्वीन स्ट्रीट स्टेशनवर मी पण कागदावरचं नाव वाचून दाखवलं, खिडकीतल्या बाईंनी कागद हातात घेतला, हळूच 'मल्गाय' म्हणाल्या आणि मी परत म्हणेपर्यंत थांबल्या. ते थांबणं मला फार आवडलं.

असंच कर्ककडब्राइट वाटणारं गाव 'कर्कूब्री' आहे, आयले वाटणारं बेट 'आयला', 'आउटलँडर' मालिकेत दिसणारं कलरॉस म्हणजे 'कूरस', आणि त्यातला नट सॅम ह्यूअन याच्या आडनावात तर मधलं जी-एच ऐकूच येत नाही.

पण यातली एक गोष्ट आपल्याला लगेच पटेल अशी आहे. जुन्या स्कॉट्स भाषेत 'योख' नावाचं एक अक्षर होतं, दिसायला आकड्यातल्या ३ सारखं, उच्चार य आणि ग च्या आसपासचा. छपाई आली तेव्हा छापणाऱ्यांकडे त्याचा खिळाच नव्हता म्हणून त्यांनी जवळपास तसाच दिसणारा झेड लावून टाकला. अक्षर गेलं, आवाज मात्र लोकांच्या तोंडात राहिला. म्हणून मेन्झीज लिहिलेलं जुन्या पद्धतीने 'मिंगिस' होतं (ब्रिटनचे माजी खासदार मेन्झीज कॅम्पबेल यांना सगळे 'मिंग' म्हणायचे ते याच्यामुळेच), आणि कल्झीन दिसणारा किल्ला 'कलेन' असतो. आपल्या ळ चं हेच झालंय की! इंग्रजीत ळ नाही म्हणून एल लावला, आणि ज्याने गाव फक्त पाटीवर वाचलंय तो लोणावळ्याला 'लोनावला' म्हणतो, तेव्हा आपल्याला कसं टोचतं. मल्गायच्या माणसालाही तसंच टोचत असणार.

शेटलंडचं नावही यातूनच गेलंय बरं का. जुन्या नॉर्स भाषेत ते 'ह्याल्टलंड', मग योखने लिहिलं गेलं, मग झेड आला आणि झालं 'झेटलंड'. १९७५ पर्यंत तिथल्या कौन्सिलचं नाव तेच होतं, आणि आजही तिथला पोस्टकोड झेड-ई ने सुरू होतो. पुढच्या वेळी मालिकेत एखादं पाकीट दिसलं तर बघा.

प्रश्न : स्कॉटलंडमधल्या तळ्यांच्या नावात 'लॉक' की 'लॉख'? मराठीत कसं लिहायचं?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लॉख लिही. 'लॉक' ऐकलं की स्कॉटिश माणसाला कुलूप आठवतं, तळं नाही. फक्त आपला खटाऱ्यातला ख नको, उर्दू बोलणारे 'ख़बर' म्हणताना घशातून घासत काढतात ना, तो. 'लॉख नेस' असं मोठ्याने चार-पाच वेळा म्हणून बघ, जीभ मागे गेली की जमलं.