लोगो काढा हवा तर, पण दुसऱ्या कंपनीचा लावू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम पुन्हा ठसठसली. मारुती सुझुकी बलेनोच्या डिकीवरची व्हेरियंटची अक्षरं काढून टाकायची, पुढचा सुझुकीचा 'एस' काढून तिथे टोयोटाचा लोगो बसवायचा, असा तुमचा बेत आहे. चौकातला हवालदार म्हणतो की पाच हजारांचा दंड होईल, आणि ॲक्सेसरीवाला ट्रेडमार्कची भीती घालतो. हवालदाराचं खरं की ॲक्सेसरीवाल्याचं, हे तुम्हाला हवंय. आधीच सांगतो, मी वकील नाही आणि आरटीओतही नोकरीला नाही. स्वतःच्या गाडीपायी मला हा कायदा वाचावा लागला, एवढीच माझी पात्रता.

हवालदाराने पाच हजार हवेतून काढलेले नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात १८२ए हे कलम नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल गाडीत केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं त्यात आहे. पण कुठला बदल चालत नाही, हे कळायला कलम ५२ कडे जावं लागतं. आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करू नये, असं ते कलम म्हणतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच शब्दांवर बोट ठेवलं. तेव्हापासून कुणी साधं सीट कव्हर बदललं तरी लोक त्या निकालाचा धाक घालतात.

आता तुमची आरसी काढून बघा. उत्पादक, मॉडेल, रंग, इंधन, चेसिस नंबर, इंजिन नंबर, आसनसंख्या, सीसी. यात 'डिकीवर चिकटवलेली अक्षरं' असा रकाना कुठे सापडतो का? नाही. म्हणून नुसतं काढून टाकणं हा कलम ५२ मधला बदल नाही, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत तर मागची अक्षरं नकोत असा पर्याय कंपन्या स्वतःच देतात. इथे मात्र कायद्यात काय आहे आणि आरटीओच्या खिडकीवर काय ऐकवतात, यांत बरंच अंतर असतं.

माझी गाडी कर्नाटक पासिंगची. नोकरी तिकडे होती, मग परत महाराष्ट्रात आलो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, म्हणून जुन्या राज्याची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला काढला, इथला टॅक्स भरला आणि गाडी तपासणीला नेली. त्याआधी कधीतरी मागून एकाने ठोकल्यामुळे डिकीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. रंग नवा, डिकी गुळगुळीत, दिसायला छान. मॉडेलचं नाव परत बसवू नका असं मीच सांगितलं होतं, आणि आजही तेच सांगेन. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "नाव कुठंय? मॉडेल व्हेरिफाय होत नाही."

मी चेसिस नंबर दाखवला, त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने काढलेलं ट्रेसिंग दाखवलं, एनओसी दाखवली. एका कागदाकडेही त्यांनी नीट पाहिलं नाही. "कंपनीचं पत्र आणा." डीलर म्हणाला, असलं पत्र आम्ही देत नाही, कंपनीला मेल करा. कंपनीच्या ग्राहक सेवेने कळवलं, आरटीओने काय मागितलंय ते लेखी पाठवा. आणि आरटीओ लेखी देईना! खिडकीवाला म्हणे साहेबांना विचारा, साहेब म्हणत खिडकीवर द्या, आणि बाहेरचा एजंट आपणहून जवळ येऊन "मी बोलतो ना साहेबांशी" म्हणे. कार्यालयाचं नाव घेत नाही. ज्यांनी तिथे पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना ते कळेल, बाकीच्यांना गरज नाही.

या सगळ्यात पैसा कुठे गेला ते ऐका. नवी आरसी हातात आल्याशिवाय जुन्या राज्याकडे रोड टॅक्सच्या परताव्याचा अर्जच करता येत नाही. म्हणजे एकाच गाडीचा दोन राज्यांत टॅक्स भरलेला आणि एक रुपया सुटत नाही, कारण काय तर डिकीवर प्लास्टिकची चार अक्षरं नाहीत. खरा संताप याचाच आहे की तीच अक्षरं ॲक्सेसरीच्या दुकानातून घेऊन चिकटवली असती, तर त्याच साहेबांचं समाधान झालं असतं. कुणीही विकत घ्यावी आणि कुठल्याही गाडीला लावावी अशी वस्तू ओळखीचा पुरावा ठरते, आणि कारखान्यात पत्र्यावर कोरलेला सतरा अक्षर-अंकांचा नंबर ठरत नाही? त्या नंबराच्या पहिल्या तीन खुणांवरूनच उत्पादक कळतो. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई. चोरीच्या गाड्यांची ओळख बदलून विकतात, म्हणून तपासणारा माणूस संशयी असावा हे मला मान्य आहे. मग वाकून चेसिस बघा ना! पण त्यासाठी वाकावं लागतं.

सुटका झाली ती एका साध्या अर्जाने. 'अमुक तारखेला तपासणीत आक्षेप घेतला गेला. तो कोणत्या कलमाखाली किंवा नियमाखाली आहे, ते कृपया लेखी कळवावे,' असा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. खाली चेसिस नंबर आणि जोडलेल्या कागदांची यादी. उत्तर आजतागायत आलेलं नाही. पुढच्या तपासणीला दुसरे साहेब होते, त्यांनी बॉनेट उघडून नंबर जुळवला, सही केली. अर्जाचा परिणाम की साहेबांचा, देव जाणे. तरी मी प्रत्येकाला हेच सांगतो: तोंडी आक्षेपावर वाद घालू नका, पत्र आणायला धावू नका, कलम लेखी मागा. नाहीच दिलं तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

हे झालं काढण्याचं. टोयोटाचा लोगो लावायचा विचार मात्र सोडून द्या. ट्रेडमार्कची, म्हणजे कंपनीच्या चिन्हावरच्या हक्काची भीती ॲक्सेसरीवाला घालतो ती तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त लागू आहे. स्वतःच्या गाडीला लोगो लावणं हा व्यापार नाही, नकली लोगो विकणं हा आहे. अडचण वेगळी आहे. बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा या जुळ्या गाड्या आहेत, त्यामुळे तुमची गाडी बघणाऱ्याला ती ग्लान्झाच वाटणार. आरसीवर एक कंपनी आणि नाकावर दुसरी, म्हणजे नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला आयतं कारण. तिथे कलम ५२ लागू होतं की नाही हा वाद रात्री अकरा वाजता रस्त्यावर घालायची तुमची तयारी आहे का? अपघात झालाच, तर साक्षीदार टोयोटा म्हणणार, कागद मारुती म्हणणार, आणि विम्याच्या सर्व्हेयरला प्रश्न विचारायला जागा मिळणार.

वरच्या व्हेरियंटची किंवा 'स्पोर्ट' वगैरे अक्षरं लावणारेही असतात. हौस म्हणून ठीक, पण गाडी विकताना ती काढून टाका. त्या अक्षरांच्या जोरावर कुणाकडून जास्त पैसे घेतलेत, तर प्रकरण आरटीओचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. आणि हौसेच्या नादात अशोकस्तंभ किंवा 'महाराष्ट्र शासन' असली पाटी तर अजिबात नको. राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मामा मंत्रालयात असले तरी.

विषय निघालाच आहे तर अजून एक. लोगो चोरीला गेला किंवा तुटला, तर विम्याचा क्लेम करू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये तसेही तुमच्याच खिशातून जातात, वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते ती वेगळीच. पन्नास टक्क्यांवर पोहोचलेला बोनस एका लोगोसाठी घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

ज्या गाड्यांना ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर आपोआप राखणारी सोय) आहे, त्यांतल्या काहींचा रडार पुढच्या लोगोच्या मागेच असतो. तो लोगो रडारच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून खास बनवलेला असतो. त्यावर काळा रंग मारला किंवा बाजारातला क्रोमचा बसवला, तर रडार आंधळा होऊ शकतो. तुमच्या गाडीला हे लागू नसेल, पण हे वाचून दुसरं कुणी प्रयोग करायला नको.

मागची अक्षरं काढायचं पक्कं असेल, तर आधी अक्षरांसकट डिकीचा आणि चेसिस नंबराचा फोटो काढून ठेवा. हेअर ड्रायरने टेप गरम करा, मासे पकडायची नायलॉनची दोरी मागून करवतीसारखी ओढा, स्क्रू ड्रायव्हर लावू नका. आधी बोटाने चाचपून बघा, काही लोगोंना मागे पिना असतात आणि ते निघाले की पत्र्यात भोकं उरतात. गाडी जुनी असेल तर अक्षरांखालचा रंग गडद निघेल आणि नाव काढूनही वाचता येईल. पॉलिशने तो फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही. काढलेली अक्षरं फेकू नका, डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पासिंगच्या वेळी कुठले साहेब भेटतील ते आपल्या हातात नसतं.