आजेसासूबाईंचे नाव लेकीला ठेवावे का?

प्रश्न : मी मूळची पुण्याची, लग्नानंतर तुलूझला स्थायिक झाले आहे. नवरा फ्रेंच आहे. आम्हाला मुलगी होणार असून बाळंतपण दोन महिन्यांवर आले आहे. नवऱ्याची आजी ओदेत गेल्या वर्षी वारल्या. मी या घरात नवी होते, तेव्हा माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचला न हसता माझ्याशी तासन्‌तास बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून मुलीचे नाव ओदेत ठेवावे असे मला वाटते. नवऱ्याची हरकत नाही. सासूबाई मात्र ऐकताक्षणी म्हणाल्या, "हे म्हातारीचे नाव आहे, आणि या घरात मी ते पुष्कळ ऐकले आहे." नणंद म्हणते, जुनेच हवे तर लुईज किंवा रोज ठेवा, ती नावे आता चालतात. पुण्याहून आई विचारते, "हे ओडेट काय? आम्हाला हाक तरी मारता येईल का?" मी हट्ट करते आहे का? शाळेत मुलीला चिडवतील का? आणि आईची समजूत कशी घालू?

उत्तर : तुमच्या नणंदेचे म्हणणे आधी समजून घेऊ, कारण "जुने" या एकाच शब्दाखाली तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी बोलल्या जात आहेत. लुईज, झान, रोज ही नावे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये घरोघरी होती. पुढे ती मागे पडली आणि आता पुन्हा इतकी रूढ झाली आहेत की लुईज हे गेल्या दशकभरातल्या सर्वाधिक ठेवल्या गेलेल्या मुलींच्या नावांपैकी एक आहे. ओदेत, पोलेत, जिनेत, उगेत ही नावे त्यांच्यानंतरची, मुख्यतः दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. त्यांच्या मागून मोनिक, मार्तीन, ब्रिजित आल्या, मग नाताली, मग सेलीन आणि ओरेली. फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था १९०० सालापासूनच्या नावांची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवते. तुम्ही उभयतांनी एखाद्या संध्याकाळी ती चाळली, तर त्यात तुमच्या सासरच्या चारही पिढ्या आपापल्या जागी सापडतील.

आपल्याकडेही असेच घडते. रमा, आनंदी, मुक्ता, सई ही नावे आज तरुण आईवडील हौसेने ठेवतात, परंतु प्रमिला, शालिनी, सुलोचना किंवा कुसुम ठेवायला सहसा कोणी धजत नाही, आणि त्याचे कारण त्या नावांत काही उणे आहे असे नसून ती नावे असलेल्या काकू आणि माम्या अजून आपल्या डोळ्यांसमोर आहेत, हे आहे. पणजीचे नाव पुरेसे दूर गेलेले असते, आजीचे तेवढे गेलेले नसते. ओदेत आज फ्रान्समध्ये या उंबरठ्यावर उभी आहे. तिच्या पिढीतल्या सिमोन आणि कोलेत तुरळक का होईना परत दिसू लागल्या आहेत. गर्भपाताला कायदेशीर मान्यता मिळवून देणाऱ्या फ्रेंच मंत्री सिमोन वेल यांचे पार्थिव २०१८ मध्ये पाँतेआँ या पॅरिसमधल्या राष्ट्रीय स्मारकात नेण्यात आले, त्यानंतर सिमोन या नावाकडे केवळ म्हातारपणाचे नाव म्हणून पाहणे अनेकांना अवघड झाले असावे. तेव्हा तुमची निवड विचित्र नाही, फार तर थोडी लवकर केलेली आहे. नणंदेचा सल्ला फॅशनच्या दृष्टीने अचूक आहे. पण वर्गात दुसरी लुईज निघण्याची शक्यता मोठी, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला लुईज नावाच्या कोणाचीही आठवण जपायची नाही.

आता सासूबाईंकडे वळू. त्यांनी दोन वाक्ये उच्चारली आणि तुम्ही पहिल्याचे उत्तर शोधत आहात. "म्हातारीचे नाव" ही तक्रार फ्रान्समधली त्यांच्या वयाची कोणतीही स्त्री करील, आणि बाळ कुशीत आले की पुष्कळदा ती विरूनही जाते. दुसरे वाक्य निराळे आहे. ओदेत ही तुमची आजेसासू होती, पण तुमच्या सासूबाईंची ती सासू होती. तुम्हाला भेटलेली ओदेत वयाने निवळलेली, नातसुनेचे कौतुक करायला मोकळी असलेली बाई होती. तुमच्या सासूबाई सून म्हणून त्या घरात आल्या तेव्हा भेटलेली ओदेत पन्नाशीची, घराची सूत्रे हातात असलेली बाई असणार. त्या दोघींत नेमके काय घडले हे मी येथे बसून सांगू शकत नाही, कदाचित काहीच घडले नसेल. परंतु "पुष्कळ ऐकले आहे" हे शब्द नावाच्या फॅशनबद्दल बोलणारे माणूस वापरत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, सासूबाईंशी तुम्ही स्वतः बोला, आणि बोलताना नावाची परवानगी मागू नका. नवऱ्याला मध्यस्थ करू नका. आईच्या आणि आजीच्या मध्ये उभे राहणे त्याने आजवर टाळले असेल, तर आता बाळाच्या निमित्ताने तो ते नीट करील असे मला वाटत नाही. (त्याची "हरकत नाही" ही भूमिका मला जरा सोयीची वाटते. आजी त्याची आहे. त्याला ते नाव हवे आहे की नाही, हेही त्याला स्पष्ट विचारा.) सासूबाईंना विचारा, "तुम्ही या घरात आलात तेव्हा त्या तुमच्याशी कशा वागत?" आणि मग ऐका. त्या हसून दोनचार कुरबुरी सांगून मोकळ्या झाल्या, तर त्यांचा विरोध वरवरचा आहे असे समजून तुम्ही निर्धास्तपणे नाव ठेवा. पण त्या गप्प झाल्या, किंवा त्यांनी अशी एखादी गोष्ट सांगितली की जी ऐकून तुमच्या मनातली ओदेतही थोडी बदलली, तर मुलीचे पहिले नाव वेगळे ठेवावे असे माझे मत आहे. नाव हाक मारण्यासाठी असते, आणि जे नाव आजीच्या तोंडी येताना अडखळते ते लेकराला लहानपणीच कळते.

तसे झाले तरी ओदेत हे नाव हरवणार नाही, कारण फ्रेंच जन्मनोंदीत एकाहून अधिक नावे लिहिता येतात आणि त्यांपैकी कोणतेही नाव रोजच्या वापरासाठी निवडण्याची मुभा तेथील नागरी संहितेच्या ५७ व्या कलमाने दिली आहे. दुसऱ्या जागी लिहिलेली ओदेत तुमच्या मुलीला विसाव्या वर्षी आवडली, तर ती ते नाव बिनदिक्कत वापरू शकेल. एवढे मात्र पाहा की या तडजोडीत मराठी नाव कागदाबाहेर ढकलले जाऊ नये. तुम्ही पत्रात मराठी नावाचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला नवल वाटले. घरात म्हणायचे म्हणून जे नाव ठरेल, तेही नोंदीत लिहून घ्या.

कायद्याची बाजू तुम्हाला मुळीच अडवणार नाही. १८०३ च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये दिनदर्शिकेतल्या संतांची किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींचीच नावे ठेवता येत असत; पुढे ते बंधन सैल होत गेले आणि १९९३ पासून आईवडिलांना निवड मोकळी आहे, फक्त नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटले तर निबंधक ते सरकारी वकिलांच्या नजरेस आणतो. वालांसिएन येथील न्यायालयाने नुटेला आणि फ्रेझ, म्हणजे स्ट्रॉबेरी, ही नावे याच कारणाने नाकारली होती, आणि गंमत अशी की फ्रेझवर अडलेल्या आईवडिलांनी शेवटी फ्रेझीन हे एकोणिसाव्या शतकातले नाव पसंत केले. ओदेतला तर फ्रेंच दिनदर्शिकेत २० एप्रिल हा स्वतःचा दिवसच आहे, त्यामुळे जुना कायदा असता तरी तुमचे काम झाले असते.

शाळेत चिडवतील का, असे तुम्ही विचारता. फ्रेंचमध्ये "देत" म्हणजे कर्ज, तेव्हा कोणीतरी पोर कधीतरी त्यावर कोटी करील, हे गृहीत धरा. याहून अधिक काही होईल असे मला वाटत नाही, कारण ओदेत म्हटल्यावर ज्यांना विणकाम करणारी वृद्धा दिसते ती माणसे चाळिशीच्या पुढची आहेत. तिच्या वर्गातल्या मुलांनी अशी कोणी ओदेत पाहिलेलीच नसेल. "अय्या, माझ्या आजीचे नाव!" हे उद्गार तिला शिक्षिकेकडून आणि बेकरीवालीकडून ऐकावे लागतील. मोठी झाल्यावर तिला सांगण्यासारख्या ओदेतही आहेत. १८७७ च्या हंससरोवराच्या प्रसिद्ध बॅलेतली नायिका आहेच. मला स्वतःला अधिक आवडणारी ओदेत म्हणजे १९१२ मध्ये आमियाँ येथे जन्मलेली ओदेत सॅन्सम, जी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त हस्तक म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परतली आणि १९४६ मध्ये जॉर्ज क्रॉस या सन्मानाची मानकरी ठरली.

आईंची समजूत घालणे यातले सर्वांत सोपे काम आहे. त्यांनी हे नाव इंग्रजी अक्षरांत वाचले, म्हणून ते ओडेट झाले. त्यांना ते देवनागरीत लिहून पाठवा : ओदेत. यातला प्रत्येक वर्ण त्यांच्या तोंडचा आहे. झनव्हिएव्ह, मार्ग्रीत किंवा युजेनी म्हणायला लागले असते, तर त्यांची तक्रार मी मान्य केली असती. या नावात ना घशातला फ्रेंच र आहे, ना नाकातला स्वर. घरातल्या पत्रिकेवर आणि निमंत्रणावरही नाव देवनागरीतच छापा, म्हणजे पुण्यातली मावसभावंडे त्याचे इंग्रजी "डेट" करून हसणार नाहीत.

एक अडचण मात्र आईंना आजच सांगून ठेवा. फ्रान्समध्ये जन्माची नोंद प्रसूतीनंतर ५ दिवसांच्या आत करावी लागते, आणि आपले बारसे बाराव्या दिवशी. पाळण्यात नाव ठेवण्यापूर्वीच ते नगरपालिकेच्या दप्तरात गेलेले असेल, हे त्यांना आयत्या वेळी कळले तर त्या दुखावतील. त्यावर उपाय तुमच्या घरातच आहे : बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे लुईज सुचवणारी तुमची नणंद. तिला तो मान रीतसर द्या, नाव कोणतेही ठरो. तिच्या पाठीत सगळ्या बायकांचे धपाटे बसणार आहेत, याची कल्पना तिला आधीच देऊन ठेवा.

सासूबाईंशी बोलणे या महिन्यातच उरका. नोंद करायला बहुधा तुमचा नवरा एकटाच जाईल आणि तुम्ही रुग्णालयात असाल, तेव्हा ठरलेली सगळी नावे, त्यांचा क्रम आणि मराठी नावाचे रोमन स्पेलिंग एका कागदावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवा. ओदेतवर कोणतेही स्वरचिन्ह नसल्यामुळे फ्रेंच पासपोर्टवर आणि पुढे भारतीय कागदपत्रांवर ते सारखेच लिहिले जाईल. दुसरे एखादे नाव निवडलेत आणि त्यात तशी चिन्हे असली, तर दोन्हीकडे ते कसे दिसेल हे आधी तपासा.