हळद पांढरी, कुंकू काळं

वाचक विचारतात: लग्नाचे फोटो

प्रश्न: फेब्रुवारीत ताईचं लग्न झालं. फोटोग्राफरने एडिट केलेले ४५० फोटो दिले, त्यात १३० ब्लॅक अँड व्हाइट, हळदीचेसुद्धा! आई जाम चिडलीये. तो म्हणतो ही माझी स्टाइल आहे. कलर मागितले तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: चालेल काय, मागाच. तो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करत असेल (लग्नवाले बहुतेक करतातच) तर कलर त्याच्याकडे आहेच, कारण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसत असलं तरी रॉ फाइलमध्ये रंग असतोच. फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार झालेले फोटो, काढले असतील आणि तेही मोनोक्रोम (ब्लॅक अँड व्हाइट) सेटिंगवर, तर मात्र रंग गेला तो गेलाच. पण १३० च्या १३० परत मागू नका हो, प्रत्येक फोटोला कलरचं काम नव्याने करावं लागतं, तुम्ही ३०-४० निवडा आणि गोड बोलून मागा.

निवडताना आधी हळद घ्या. पिवळा रंग ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फिकट राखाडी होतो, त्यामुळे गालाला हळद लावलेली नवरी जात्यावरून पीठ दळून उठल्यासारखी दिसते. हळदीच्या फोटोत हळदच दिसत नसेल तर त्याला काय अर्थ? तसंच हिरवा चुडा आणि लाल शालू. डोळ्याला हे दोन रंग एकमेकांसमोर भांडल्यासारखे उठून दिसतात, पण दोघांचा उजेड जवळपास सारखा, म्हणून रंग काढला की एकाच राखाडीचा गठ्ठा होतो आणि बांगड्या कुठे संपल्या न् पदर कुठे सुरू झाला कळत नाही. एडिट करणाऱ्याकडे प्रत्येक रंगाचा उजेड कमी-जास्त करायला वेगळा स्लायडर असतो, हिरवा वर नेला लाल खाली आणला की फरक पडतो, पण प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेलं एडिट) मारून मोकळं होणाऱ्याला तेवढा वेळ कुठला.

अजून एक बघा, कपाळ. चेहरे गोरेगोमटे दिसावेत म्हणून लाल आणि नारिंगी स्लायडर वर ढकलतात, मग त्वचेबरोबर कुंकूही उजळतं आणि पार नाहीसं होतं. शेजारी सगळ्या काकू-मावश्या मोकळ्या कपाळाने बसलेल्या! असा एखादा फोटो अल्बमात गेला तर तुमच्या आईआधी आजी चिडेल. न ढकलावं तर कुंकू काळपट आणि अंतरपाटावरचं स्वस्तिकही काळं. दोन्हीकडून पंचाईत.

पाठवणीचे मात्र ब्लॅक अँड व्हाइटच राहू द्या. रडून लाल झालेली नाकं, ओघळलेलं काजळ, मागे निळी प्लॅस्टिकची खुर्ची, कुणाचा तरी पोपटी शर्ट, हे सगळं निघून जातं आणि ताईने बाबांचा शर्ट मुठीत कसा धरलाय तेवढंच उरतं. तिथे तुमच्या फोटोग्राफरची स्टाइल खरी.

प्रश्न: मित्राच्या लग्नात हौसेने फोटो काढले. स्टेजवर जांभळे एलईडी, सगळ्यांचे चेहरे वांग्यासारखे आलेत. व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक काढणारं सेटिंग) करून करून थकलो. ब्लॅक अँड व्हाइट करून दिले तर फसवणूक होईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फसवणूक कसली, जीव वाचवणं आहे ते. त्या लाइटमधून फक्त निळा आणि थोडा लाल उजेड येतो, हिरवा जवळपास नसतोच, आणि जो उजेड चेहऱ्यावर पडलाच नाही तो व्हाइट बॅलन्स आणणार कुठून? त्यातून निळा चॅनल (फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला निळा) बऱ्याचदा जास्त उजेडाने फुटलेला असतो, म्हणजे गालाच्या जागी सपाट डाग. ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनलवर भर द्या, चेहऱ्याची घडण तिथेच शिल्लक असते. निळा आणि जांभळा स्लायडर एकदम तळाला नेऊ नका, चेहऱ्यावर चट्टे येतात. थोडा ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका, नॉइज (कमी उजेडातले ठिपके) झाकला जातो. मी स्वतः असे कितीतरी फोटो वाचवलेत आणि लोकांनी ‘वा, काय क्लासिक’ म्हटलंय, मी पण गप्प बसलोय.

पुढच्या वेळी फ्लॅश न्या. त्याचा उजेड छतावर आपटून (बाऊन्स करून) घेणार असाल तर आधी मान वर करून बघा, मांडवाला गुलाबी कापड असेल तर सगळं वऱ्हाड गुलाबी होतं. आणि फक्त शालू रंगीत ठेवून बाकी ब्लॅक अँड व्हाइट, हे नका करू. कृपया.

प्रश्न: आईबाबांच्या १९७९ च्या लग्नाचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो ॲपमध्ये टाकून रंगीत केले तर आईचा शालू निळा आला. ती म्हणते डाळिंबी होता. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ॲप अंदाज मारतं हो. त्या फिल्मवर रंग नोंदलेलाच नाही, फक्त किती उजेड होता ते आहे, आणि गडद राखाडी म्हणजे निळा पण असू शकतो, डाळिंबी पण. शालू अजून कपाटात असेल तर बाहेर काढा, दिवसा खिडकीपाशी त्याचा फोटो घ्या आणि तो समोर ठेवून रंग भरा. नसेल तर आईला शेजारी बसवा, तिच्यासारखा रेफरन्स नाही. स्कॅन ६०० डीपीआयला करून मूळ फाइल वेगळी ठेवा, रंगवारंगवी कॉपीवर.

तसं तुमचं नशीब चांगलं. आमच्या काकांच्या १९८६ च्या लग्नाचे फोटो रंगीत आहेत, म्हणजे होते. त्या काळच्या कलर प्रिंटमधला निळसर डाय (रंगद्रव्य) अल्बम मिटून ठेवला तरी उडत जायचा, आता सगळं वऱ्हाड तांबूस झालंय, काकूंची हिरवी पैठणी विटकरी दिसते. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधली प्रतिमा डायची नाही, चांदीची असते, नीट धुतलेली असेल तर ती टिकते. आईबाबांच्या त्या प्रिंट्स आधी प्लॅस्टिकच्या चिकट पानांतून सोडवा, हळू, आणि निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.